पोच

पूर्णगडच्या खाडीला लागून बांध आहे,
त्याच्या उघाडीवर मी एक डबा बसवला.
डब्यात बोटभर प्रोसेसर,
त्याच्या अंगाला चाळीस पिना,
त्यांतली सतरावी माझी.
ती वर गेली की रिले खटकन बोलतो,
मोटर फिरते, फळी उतरते,
भरतीचं पाणी बाहेरच्या बाहेर राहतं.

मी असते पावसला, दुकानाच्या माळ्यावर.
माझ्याकडचा प्रोसेसर थोरला, त्याला सगळं येतं,
फक्त हात नाहीत.
हात त्या धाकट्याचे.
म्हणून चिठ्ठी धाडायची:
उघाडी, पूर्वेची, पिन सतरा, एक.
चिठ्ठी आधी ब्रोकरकडे जाते.
तो बंदरावरच्या दलालासारखा,
पाटीला हात न लावता माल पुढे सरकवणारा.
मग पलीकडून पोच येते: मिळाली.

कासम होडेकरांना हे समजावत होते
तेव्हा ते बांधावर उकिडवे बसले होते.
"म्हणजे तरीसारखंच," म्हणाले.
"या काठावरून आपण कूऽऽ घालायची,
त्या काठावरून तरीवाला ओऽऽ देणार.
ओ आली नाही तर पुन्हा कू."
तीनदा, मी म्हटलं. मग सोडून द्यायचं.
"आणि तरीवाला झोपला असेल तर?"

एकतीस वर्षं ती फळी त्यांच्या हातात होती.
वर्षाला अडीच खंडी भात,
बांधाखालच्या सगळ्या घरांचं मिळून.
यंदा समितीनं ते निम्म्यावर आणलं.
डब्याचे पैसे कुणाला मिळाले
हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांनीही विचारलं नाही.

एकच गोष्ट त्यांना फार आवडली.
डबा जोडला गेला रे गेला
की ब्रोकरपाशी वसियत ठेवतो:
माझा आवाज बंद पडला
तर सगळ्यांना कळवा, मी गेलो.
"रोज?"
जोडला जाईल तेव्हा तेव्हा, नव्यानं.
"शहाणा आहे," म्हणाले,
आणि तंबाखूची डबी मिटली.

अवसेचं उधाण. रात्रीचे साडेनऊ, पाणी चढायला लागलेलं.
मी चिठ्ठी टाकली. मिळाली, म्हणाला.
पिन सतरा?
एक.
पुन्हा विचारलं.
एक.
वसियत कुणी वाचून दाखवली नाही,
म्हणजे जिवंत आहे.
मी दिवा मालवला.

सकाळी गेले तर कासमचाचा बांधावर,
छातीपर्यंत चिखल, बाजूला कोयती,
आणि तिवराचं एक खोड, मांडीएवढं,
जे रात्री फळीखाली येऊन आडवं झालं होतं.
दोन कुणगे खारावले.
बाकीचे त्यांनी काळोखात पाण्यात उभं राहून
तोडून तोडून वाचवले.
खारावलेली जमीन तीन पावसाळे तोंड फिरवून बसते.

पिन खोटं बोलली नव्हती.
मीच विचारलं होतं,
तू वर आहेस का?
पाणी कुठे आहे, हे विचारलंच नव्हतं.

त्यांनी दोष दिला नाही.
कोयती धुताना एवढंच म्हणाले,
"पोरी, एक कू इकडेही घालायचीस."

आता बाविसावी पिन आहे, नुसती ऐकणारी.
तिला कुठलाच हुकूम जात नाही.
आतल्या अंगाला एक तरंगता गोळा बांधलाय,
तो उचलला गेला की ती कळवते.
आणि दर भरतीला एक चिठ्ठी वेगळी जाते,
कासमचाचांच्या फोनवर.
त्यांना वाचता येत नाही. फोन थरथरतो,
ते चपला शोधतात, बॅटरी घेतात,
फळीपाशी जाऊन वाकतात,
पायानं चाचपतात
आणि मला मिस्ड कॉल देतात.
एक रिंग. उचलायची नसते.
ती वाजल्यावर मी दिवा मालवते.

भाताचं अजून ठरलेलं नाही.
समितीला चिठ्ठी गेली आहे, असं सगळे म्हणतात.